फोनमागची खडखड



साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं इंग्लंडमधलं एक घर. फोन वाजला की घरातली बाई आधी टेपरेकॉर्डर सुरू करायची. टेपवर टाइपरायटरची खडखड भरून ठेवलेली. पलीकडच्या साहेबाला वाटावं, माणसांनी भरलेलं ऑफिस आहे. इकडे बाळानं भोकाड पसरलेलं असायचं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत म्यूटचं बटण शोधणाऱ्या माझ्यासारखीला ही धांदल वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या स्टेफनी शर्ली. 1962 साली 6 पौंडांच्या भांडवलावर त्यांनी 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' ही कंपनी काढली. कामासाठी लिहिलेल्या पत्रांना उत्तरंच येईनात, तेव्हा नवऱ्यानं सुचवल्यावरून त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. मग साहेबलोक भेटायला तयार! लग्नानं, बाळंतपणानं नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर बायका त्यांनी हुडकल्या. कॉम्प्युटर कुणाच्या घरी असणार? फोन आहे का, एवढंच त्या विचारायच्या. प्रोग्रॅम पेन्सिलनं कागदावर लिहायचा आणि टपालात टाकायचा. पहिल्या 300 जणांत पुरुष फक्त 3. पुढे 1975 साली स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला आणि बाईंना पुरुषांसाठीही दार उघडावं लागलं, ही त्यातली गंमत.

पण मला खरं अप्रूप आहे ते कामाचं. घरी बसून करता येईल असं काहीतरी किरकोळ त्यांच्या हाती टेकवलेलं नव्हतं. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग या बायकांनी केलं.

आता आपल्याकडचं बघा. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. 50 माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, आणि रजेनंतर मालकाशी ठरवून घरून कामही करता येतं. कायदा चांगलाच आहे. पण परत आलेल्या बाईला ''आत्ता फार ताण घेऊ नकोस हं'' म्हणत सपोर्टची तिकिटं दिली जातात आणि नवा प्रोजेक्ट शेजारच्या टेबलावर जातो. म्हणणारा मायेनं म्हणतो, म्हणून भांडताही येत नाही. दोन अप्रेजल अशी कोरडी गेली की पुढचा लीड कोण, हे ठरूनच जातं.

ऐकणाऱ्यांत कुणी मॅनेजर असाल, तर उद्या कामं वाटण्याआधी तिला एकदा विचारा, यातलं कुठलं हवंय? वेळ ती बसवेल.