बालगृहाचे दार आणि दात्याची सही

(सुवर्णमहोत्सवी कार्यकर्ता मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मी व्याख्याता नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली ती हिशेब लिहिण्यापुरती. बाकी उभे आयुष्य कापडाचे तागे उलगडण्यात आणि गुंडाळण्यात गेले. तरीही ‘निवासी मुलांच्या संस्थेत येणारे पाहुणे’ हा विषय मी संयोजकांकडून मागून घेतला. त्यामागे एक कारण आहे, आणि ते आपणासमोर मांडल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

२००९ साली कै. वडिलांच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त आम्ही दुसऱ्या तालुक्यातील एका बालगृहात वस्त्रदान केले. सकाळपासून मुले रांगेत उभी होती. आम्ही सहकुटुंब पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. माझ्या सौभाग्यवतीने पुढच्या ओळीतील आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीच्या हाती फ्रॉक दिला, आणि नेमक्या त्या क्षणी छायाचित्र निघाले. ते एका साप्ताहिकात संस्थेच्या नावासह छापून आले. मी त्याच्या वीस प्रती विकत घेऊन नातेवाइकांत वाटल्या.

पुढे तीन आठवड्यांनी तेथील अधीक्षिका बाईंचा दूरध्वनी आला. त्या मुलीचे वडील साप्ताहिकाचे कात्रण हातात घेऊन फाटकावर उभे राहिले होते. त्यांच्याच मारहाणीला कंटाळून आईने बालकल्याण समितीमार्फत मुलीला तेथे ठेवले होते, आणि ती कोठे आहे हे त्यांना कळू नये अशी तजवीज केलेली होती. पहारेकऱ्याने समितीचा आदेश मागितला म्हणून ते माघारी गेले. परंतु नंतर मुलीच्या शाळेच्या वाटेवर दिसू लागले. शेवटी समितीने त्या मुलीला ऐन सत्राच्या मध्यात दुसऱ्या जिल्ह्यातील बालगृहात हलविले. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. आम्ही दिलेला फ्रॉक तिने सोबत नेला की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. अधीक्षिका बाईंनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, “शेठजी, पुढच्या वेळी कपडे जरूर पाठवा. फोटो नको.”

अशा मुलांची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आज बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र छापणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मी अपराधी वृत्तीने गेलो नव्हतो, पुण्य करण्यास गेलो होतो. परंतु त्या मुलीच्या पदरात जे पडले त्यात त्यामुळे काही फरक पडला नाही.

बंधूंनो, मुलांना धोका अनोळखी, गबाळ्या, संशयास्पद माणसाकडून असतो, अशी आपली समजूत असते. अशा माणसाला आपला पहारेकरी फाटकावरच अडवितो. ज्याला तो उठून नमस्कार करतो, त्याचे काय? गोव्यातील मडगाव येथे फ्रेडी पीट्स नावाचा गृहस्थ अनाथ मुलांचा आश्रम चालवीत असे. समाजात त्याला मान होता, आणि परदेशी पाहुण्यांची तेथे ये-जा असे. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा मुलांवर काय गुदरले होते ते जगापुढे आले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदाच केला. मुंबईत ‘अँकरेज’ नावाची आसरागृहे चालविणाऱ्या दोघा ब्रिटिश नागरिकांचे प्रकरण २००१ मध्ये उघडकीस आले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती रद्द केली, आणि १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा दोषी ठरविले. ज्या मुलांनी २००१ मध्ये तोंड उघडले, त्यांना अखेरचा शब्द ऐकण्यासाठी दहा वर्षे थांबावे लागले. दोन्ही ठिकाणी संस्था परोपकाराच्या नावाने उभी होती, म्हणून कोणी आत डोकावून पाहिले नाही.

आता आपल्या चांदवडचा विचार करू. १९२८ साली येथे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली, तेव्हापासून परगावची मुले या गावात राहून शिकत आली आहेत. आपले गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, जवळच मनमाडसारखे मोठे रेल्वे जंक्शन. नवरात्रात आणि चैत्रात रेणुकामातेच्या दर्शनास हजारो भाविक येतात. वाटेत एखादी संस्था दिसली की गाडी वळवून ‘मुलांना काही खाऊ द्यावा’ ही इच्छा कोणालाही होते. इच्छा चांगली आहे. परंतु महामार्गावरून आत आलेला माणूस तासाभरात कितीतरी दूर निघून गेलेला असतो, आणि त्याचे नाव आपणापैकी कोणाच्याही स्मरणात नसते.

म्हणून वही. २०१६ च्या आदर्श नियमांनी बालगृहाच्या दप्तरात अभ्यागत नोंदवहीचा समावेश केला आहे. अनेक ठिकाणी ही वही असते, पण तीत मान्यवरांचे अभिप्राय असतात : ‘संस्था पाहून आनंद झाला.’ तो अभिप्राय काय कामाचा? नाव, पत्ता, ओळखपत्र पाहिले की नाही, कोणाकडे आले, मुलाशी नाते काय, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, सोबत कोण कर्मचारी होता, हे पाहिजे. दुकानात मुनीम कितीही विश्वासाचा असला तरी रात्री गल्ला मोजला जातो, त्यात मुनिमाचा अपमान नसतो. बाहेर जाण्याची वेळ मात्र कटाक्षाने लिहावी. माझ्या पाहण्यात आलेल्या वह्यांत तोच रकाना हटकून कोरा असतो. म्हणजे लिहिलेले खरे मानले तर आलेले सर्व पाहुणे अजून आतच आहेत!

आई-वडिलांच्या भेटीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण तेथे कठोरपणा आणि करुणा यांचा मेळ घालणे अवघड असते. वही ठेवली म्हणजे आईला फाटकावर ताटकळत ठेवावे असे नव्हे. दोनशे रुपये गाडीभाडे खर्चून, रोज बुडवून आलेल्या बाईला ‘आज भेटीचा वार नाही’ म्हणून परत पाठविणारी संस्था सुरक्षित नाही, ती केवळ निर्दय आहे. तिला बसवावे, पाणी द्यावे, कागद पाहावेत, आणि अधीक्षकांनी आपला अधिकार वापरून भेट घडवावी. भेट ओसरीवर, सर्वांच्या नजरेस पडेल पण बोलणे ऐकू जाणार नाही अशा जागी व्हावी. निजण्याच्या खोलीत कधीही नाही. एखाद्या नातेवाइकाला भेटीस मनाई असेल तर ती त्याच्या छायाचित्रासह कार्यालयात नोंदलेली असावी, अधीक्षकांच्या डोक्यात नव्हे. कारण अधीक्षक रजेवर जातात. आणि मुलाला विचारावे. ‘मामा आले आहेत, भेटायचे का?’ एवढा प्रश्न. मूल गप्प बसले तर त्या गप्प बसण्याचाही अर्थ लावावा.

दात्यांसाठी नियम सोपे आहेत, पाळणे कठीण. आधी कळवून यावे. मिठाई, कपडे, वह्या कार्यालयात द्याव्यात. वाटप संस्था करील. लग्नातील उरलेले अन्न आणू नये. कोणा एका मुलाला वेगळी भेट, वेगळा दूरध्वनी क्रमांक, ‘मी तुला घरी नेईन’ असे आश्वासन देऊ नये. ‘तुझे आई-बाबा कुठे असतात?’ हा प्रश्न तर जिभेवर आणूच नये.

माजी विद्यार्थ्यांचा विषय नाजूक आहे. ज्याने येथे दहा वर्षे काढली त्याला आपण पाहुणा कसे म्हणावे? त्याचे हे घरच आहे. तरीही मुक्काम करावयाचा असेल तर अतिथिगृहात, मुलांच्या खोलीत नाही. यावर कार्यकारिणीत मतभेद झाले, हे मी लपवीत नाही.

कोणी म्हणेल, आपले छात्रालय म्हणजे कायद्याच्या भाषेतील बालगृह नव्हे. असेल तसे. परंतु २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी आहे. अपराधाची शंका आली तरी पोलिसांना कळविणे कलम १९ ने बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२० च्या नियमांनुसार कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणीही ठरावीक काळाने करावयाची आहे. ‘संस्थेची अब्रू जाईल, आपसात मिटवू’ असे म्हणणारा विश्वस्त आपल्या मंडळात असेल तर त्याने आजच राजीनामा द्यावा. १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ असावा आणि तो फिरविण्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागू नये.

मागील महिन्यात मी स्वतः छात्रालयात गेलो. नव्या पहारेकऱ्याने मला थांबवून वही पुढे केली. खरे सांगतो, राग आला. या इमारतीच्या एका खोलीवर माझ्या वडिलांच्या नावाची पाटी आहे. तो शांतपणे म्हणाला, “शेठ, साहेबांनी सगळ्यांची सही घ्यायला सांगितलंय.” मी सही केली. आत जाताना मला फाटकावर कात्रण घेऊन आलेला तो बाप आठवला. त्याला थोपविणाराही असाच कोणी सहा-सात हजार रुपये पगाराचा माणूस होता.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडे मी दोन विनंत्या केल्या होत्या आणि त्या मान्य झाल्या आहेत. मुलांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे छापली जाणार नाहीत. त्यांनी काढलेली चित्रे, नावे न देता, छापली जातील. काही देणगीदारांनी ‘मग आमचा फोटो कोणासोबत?’ असे विचारले. त्यांना मी वडिलांच्या पुण्यस्मरणाची हीच हकिगत सांगितली.

आता कार्यक्रमानंतर आपण सर्वजण मुलांसमवेत भोजनास जाणार आहोत. भोजनगृहाच्या फाटकावर वही ठेवली आहे. भ्रमणध्वनी कार्यालयात जमा करावेत, पावती मिळेल. अध्यक्ष महोदयांनी पहिली सही करण्याचे कबूल केले आहे. त्यांच्यामागे मी उभा राहतो.