साखरखेर्ड्याची विसरलेली लढाई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपसातल्या लढाईला मराठीत आपण 'यादवी' म्हणतो. द्वारकेचे यादव एकमेकांत लढून संपले, त्या कथेवरून हा शब्द आला. आमच्या देऊळगाव राजाच्या मुलखात तो जरा जास्तच जवळचा आहे. कारण हा मुलूख सिंदखेडच्या जाधवरावांचा, आणि जाधवराव आपलं मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. जिजाऊंचं हे माहेर. दरबारातून परतताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि जाधव-भोसले या सोयऱ्यांमध्येच तलवारी चालल्या, हा प्रसंग आपण शाळेत ऐकलेला असतो. पण याच मुलखात आणखी एक यादवी लढली गेली. तिने पुढच्या सव्वादोनशे वर्षांचं दक्षिणेचं राजकारण ठरवलं, आणि तरीही ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नाही. ती लढाई साखरखेर्ड्याची.

साखरखेर्डा हे आपल्या सिंदखेड राजा तालुक्यातलं गाव. साल 1724, महिना आश्विन. आमच्याकडे बालाजी महाराजांची यात्रा भरते, तोच हा महिना. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती, आणि शिवारात दोन मोठ्या फौजा समोरासमोर उभ्या होत्या. दोन्ही फौजा एकाच बादशहाच्या. दोघांच्या पगाराच्या नाण्यांवर दिल्लीच्या महंमदशहाचंच नाव. मग लढाई कशासाठी?

एका बाजूला होता निजाम-उल-मुल्क. मूळ नाव मीर कमरुद्दीन. अहमदनगरची निजामशाही ती वेगळी, हा निजाम निराळा, हे आधी सांगितलेलं बरं. औरंगजेबाच्या हाताखाली वाढलेला हा सरदार 1722 मध्ये दिल्लीचा वजीर झाला. पण तिथलं दरबारी राजकारण त्याला मानवलं नाही. 1723 च्या अखेरीस प्रकृतीचं आणि शिकारीचं निमित्त सांगून तो दिल्लीबाहेर पडला आणि पुढे थेट दक्षिणेच्या वाटेला लागला. दक्षिण आपल्या ताब्यात ठेवायची, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

दुसऱ्या बाजूला होता मुबारिझखान. जन्म दूर बल्खचा, पण बरीच वर्षं हैदराबादचा सुभेदार म्हणून त्याने चोख कारभार केला होता. निजाम दक्षिणेकडे वळल्याचं पाहून बादशहाने दक्षिणेची सुभेदारी गुपचूप या मुबारिझखानाला दिली आणि निजामाला अडवायला सांगितलं. म्हणजे बादशहाचा हुकूम होता मुबारिझखानाच्या हाती, आणि कायद्याने बंडखोर ठरत होता निजाम. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

गंमत अशी, की हे दोघे काही जन्माचे वैरी नव्हते. चारच वर्षांपूर्वी, 1720 मध्ये, आपल्या वऱ्हाडातच बाळापूरला अशीच एक यादवी झाली होती. सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान तिथे निजामाशी लढताना मारला गेला. त्यानंतर मुबारिझखान आपण होऊन निजामाला येऊन मिळाला, आणि निजामाने त्याला सात हजारी मनसब आणि मोठा किताब देववला. 1724 मध्ये त्याच माणसावर निजामाला तोफा रोखाव्या लागल्या. लढाईआधी दोघांत पत्रापत्री झाली, समजुतीचे प्रयत्न झाले, पण उपयोग झाला नाही.

आता आपली माणसं कुठे होती ते पाहू. बाळापूरला शाहू महाराजांच्या बाजूची मराठी पथकं निजामाच्या विरुद्ध होती. साखरखेर्ड्याला मात्र चोवीस वर्षांचा बाजीराव पेशवा निजामाच्या बाजूला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात माळव्यात नालछा इथे दोघांची भेट झाली होती. कारण उघड होतं. मुबारिझखान आपल्या सुभ्यात मराठ्यांच्या चौथाईला दाद देत नव्हता. तो हटला तर मराठ्यांचाही फायदा होता.

याच निजामाच्या फौजेत आणखी एक मराठी सरदार होता, चंद्रसेन जाधव. सेनापती धनाजी जाधवांचा हा मुलगा. धनाजींचं घराणं परंपरेने सिंदखेडच्या लखुजीरावांपर्यंत पोचतं. हरणाच्या शिकारीवरून झालेल्या तंट्याचं निमित्त होऊन चंद्रसेनाने 1711 मध्ये शाहू महाराजांचा पक्ष सोडला आणि पुढे तो निजामाकडे गेला. तो तंटा कोणाशी झाला होता? बाळाजी विश्वनाथांशी, म्हणजे बाजीरावाच्या वडिलांशी! ज्यांच्या वैरातून मराठी राज्यात फूट पडली, त्यांतला एक आणि दुसऱ्याचा मुलगा आज एकाच झेंड्याखाली होते. आणि चारच वर्षांनी, 1728 मध्ये, पालखेडला बाजीराव निजामाची कोंडी करत होता, तेव्हा चंद्रसेन निजामाच्या गोटात होता. यादवीत बाजू किती लवकर बदलतात, याचं याहून बोलकं उदाहरण मला तरी माहीत नाही.

लढाई घनघोर झाली. मुबारिझखान हत्तीवरून लढत होता. माहूत पडल्यावर रक्ताने माखलेल्या अंगाने त्याने स्वतःच हत्ती पुढे घातला, असं सांगतात. शेवटी तो पडला. त्याचे दोन मुलगेही त्याच रणात गेले. निजामाने मुबारिझखानाचं शिर दिल्लीला पाठवलं आणि सोबत कळवलं, की बादशहाच्या पुण्याईने बंडखोराचा बंदोबस्त झाला. ज्याने हुकूम दिला त्यालाच, हुकूम पाळणाऱ्याचं शिर बंडखोर म्हणून नजर झालं! महंमदशहाने काय करावं? तो गप्प राहिला. 1725 मध्ये त्याने दक्षिणेची सुभेदारी निजामालाच दिली आणि वर 'आसफजाह' हा किताबही दिला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया खऱ्या अर्थाने आपल्या या शिवारात घातला गेला. ते राज्य 1948 पर्यंत टिकलं. आपलं वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं; त्याआधी 1803 पर्यंत इथला वसूल निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्यात वाटला जात होता.

आणखी एक गोष्ट. या काळाची माहिती आपल्याला ज्याच्या फारसी इतिहासातून मिळते, तो खाफीखान निजामाच्याच पदरी राहिलेला. त्यामुळे निजामाची बाजू ठळक दिसते आणि मुबारिझखान आडमुठा दिसतो. त्याने हैदराबादला केलेला कारभार, बादशहाचा हुकूम पाळण्यासाठी केलेली धडपड, हे सारं मागे पडतं. कोण निष्ठावंत आणि कोण फितूर, हे लढाईच्या आदल्या दिवशी एक असतं आणि दुसऱ्या दिवशी दुसरंच होऊन बसतं. सामान्य शिपायाचं तर नावही राहत नाही. बल्खकडचा पठाण असो, तेलंगणातला प्यादा असो की वऱ्हाडातला बारगीर, त्याला कोणाचा हुकूम खरा हे विचारायची सोय नव्हती. सरदार ज्या बाजूला गेला, त्या बाजूला तो गेला आणि तिथेच मातीला मिळाला.

विजयाच्या आनंदात निजामाने या गावाचं नाव बदललं. फत्तेखेर्डा, म्हणजे विजयाचं खेर्डं. सरकारी दप्तरात, इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्येसुद्धा हे नाव पुढे कितीतरी वर्षं चाललं. पण आज तुम्ही आमच्याकडे येऊन फत्तेखेर्ड्याची वाट विचारलीत, तर क्वचितच कोणी सांगू शकेल. साखरखेर्डा म्हणा, लहान पोरही बोट दाखवेल. बादशहा गेला, निजाम गेला, त्याची फत्ते कागदावर राहिली. गावाने मात्र आपलं गोड नाव सोडलं नाही.

कधी त्या बाजूने जाणं झालं, तर एसटीच्या खिडकीतून त्या शिवाराकडे एकदा जरूर बघा. आता तिथे सोयाबीन आणि कपाशी उभी असते. त्या मातीत दोन्हीकडची माणसं झोपलेली आहेत.