परतीची वाट नसलेली तार

ऑक्टोबर 2019 मध्ये तमिळनाडूतल्या कूडनकुलम अणुवीज केंद्राची बातमी आली होती. प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात मालवेअर सापडल्याचं न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केलं. अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा वेगळी आहे, असंही सांगितलं.

आता अशा ठिकाणी आतले आकडे, म्हणजे दाब, तापमान, वीजनिर्मिती, बाहेरच्या कचेरीला हवेच असतात. आकडे बाहेर यावेत, बाहेरचं काही आत जाऊ नये. त्यासाठी फायरवॉल बसवतात. पण फायरवॉल म्हणजे शेवटी सॉफ्टवेअर, त्यात भोकं निघतात. त्याहून जालीम उपाय म्हणजे परतीची वाटच ठेवायची नाही. याला डेटा डायोड म्हणतात.

फायबरवर हे जमतं, कारण तिथे सहसा दोन काचतंतू असतात. एकातून प्रकाश जातो, दुसऱ्यातून येतो. दुसरा काढून टाकायचा, झालं!

झालं कसलं? फायबरच्या दोन्ही टोकांना विजेचे संकेत आणि प्रकाश यांची अदलाबदल करणारा एकेक मीडिया कन्व्हर्टर असतो. तंतू काढला की त्यातला पाठवणाराच रुसतो. रिसीव्ह पोर्टवर प्रकाश नाही म्हणजे पलीकडे कुणी नाही, असं तो धरून चालतो. लिंकचा दिवा विझतो आणि पाठवणंही थांबतं. मग त्याची समजूत काढायला तिसरा कन्व्हर्टर लागतो. त्याच्या ट्रान्समिट पोर्टमधून पहिल्याच्या रिसीव्ह पोर्टला नुसता प्रकाश पुरवायचा, माहिती काही नाही. या तिसऱ्याला विजेखेरीज दुसरी कसलीही जोडणी द्यायची नाही. घाईगर्दीत कुणी त्याची केबल बाहेरच्या स्विचमध्ये खोचली, तर बंद केलेलं दार पुन्हा सताड उघडं. आणि हो, हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा फायबरच्या टोकात डोकावू नका.

पुढची अडचण उत्तराची. टीसीपी या नेहमीच्या प्रोटोकॉलला पलीकडून पोच मिळाल्याशिवाय बोलताच येत नाही. म्हणून इथे 1980 सालचं, पोच न मागणारं साधं यूडीपी वापरतात. समोरच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ताही विचारून मिळत नाही, तो हाताने भरून ठेवावा लागतो.

आम्हा रेडिओवाल्यांना यात नवल नाही. तुमचं ‘पुन्हा सांगा’ माझ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तर आकाशवाणीवर ‘धीमी गति के समाचार’ असत, लिहून घेणाऱ्याच्या हाताला झेपतील अशा वेगाने वाचलेले. डायोडवरही वेग मुद्दाम आवरता ठेवतात, पॅकेटांना क्रमांक देतात, तीच फाइल पुन्हा पाठवतात. एवढं करूनही काही हरवलं, तर ते फक्त घेणाऱ्याला कळतं.

डायोड लावला म्हणून निर्धास्त होऊ नये. 2010 मध्ये उघड झालेला, इराणच्या नतान्झ अणुकेंद्रावर सोडलेला स्टक्सनेट हा मालवेअर पेनड्राइव्हवरूनही पसरत असे. खिशातला पेनड्राइव्ह कुठलाही डायोड अडवत नाही.

तुमच्या कारखान्यात किंवा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात कुणी ‘वन-वे’ यंत्र विकायला आलं, तर आधी एकच विचारा, परतीची वाट मुळातच नाही, की सेटिंगमधून बंद केली आहे? सेटिंगमधून बंद केली असेल, तर ती फायरवॉलच आहे. तिला डायोडची किंमत मोजू नका.