नाकाला सुरी लावण्यापूर्वी

मराठी भाषेने नाकाचा जेवढा मान ठेवला आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाच्या वाट्याला आला असेल. अब्रू गेली म्हणजे नाक कापले जाते, शरण जाताना ते घासावे लागते, आणि सरळमार्गी मनुष्य नाकासमोर चालतो. मात्र नाकाच्या रूपाचा प्रश्न निघाला की भाषेचा रोख एकदम मुलींकडे वळतो. चाफेकळी नाक हवे ते वधूचे, आणि सतराशे विघ्ने येतात तीही नकटीच्याच लग्नाला. नकट्या वराच्या लग्नात विघ्न आल्याची म्हण कोणी रचलेली नाही. त्यामुळे पुरुषाला आपल्या नाकाच्या आकाराची खंत नसते असा एक समज रूढ होऊन बसला. खंत असते, पण पुरुष ती बोलून दाखवीत नाही. शाळेत पडलेले टोपणनाव तो हसून साजरे करतो, छायाचित्र काढताना मान किंचित वळवून उभा राहतो, आणि पुढे हाती चार पैसे आले म्हणजे घरच्यांना न सांगता एखाद्या शल्यविशारदाचा पत्ता शोधू लागतो. हे न सांगणेच पुष्कळदा घातक ठरते; कारण जे कोणाला विचारता येत नाही, त्याची माहिती जाहिरातीतूनच घ्यावी लागते.

नाकावरील शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला तर त्याच्या आरंभीच्या पानांवर पुरुषच भेटतात, आणि त्यातले एक पान थेट पुण्याजवळचे आहे. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक जोडण्याची रीत सांगितली आहे: नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाची कातडी गालावरून सोडवून नाकाच्या जागी बसवावी, आणि श्वासासाठी आत दोन नळ्या ठेवाव्यात. ही विद्या पोथीत राहिली नाही, कारागिरांच्या हाती टिकली. १७९२ सालच्या टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रज सैन्याकडे बैल हाकण्याच्या कामावर होता. तो पकडला गेला, आणि टिपूने त्याचे नाक व एक हात तोडविला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. त्याने आधी मेणाचे पातळ नाक घडवून चेहऱ्यावर बसवून पाहिले, ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले, त्याभोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांच्या मध्ये मात्र एक पट्टी जोडलेलीच ठेवली, म्हणजे तिच्यातून रक्त वाहत राहील. मग ती कातडी फिरवून खाली आणली आणि सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या लावल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी वरची जोडपट्टी कापली. हा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने प्रेतांवर पुष्कळ सराव केला, आणि १८१४ साली लंडनमध्ये हीच रीत प्रथम वापरून पाहिली. त्याचा पहिला रुग्णही पुरुषच, सैन्यातला एक अधिकारी होता.

कावसजीला हवे होते ते नाक. सुंदर नाक हा प्रश्न फार पुढचा. धडधाकट, शाबूत नाकाला केवळ रूपासाठी हात लावण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. १८८७ साली अमेरिकेतील जॉन ऑर्लँडो रो यांनी बाहेर व्रण न ठेवता, नाकाच्या आतून नकटेपणा सुधारण्याची रीत प्रसिद्ध केली. १८९८ साली बर्लिनमध्ये जाक योसेफ यांच्याकडे एक तरुण जमीनदार आला. त्याचे नाक निरोगी होते, पण मोठे होते. जिथे जावे तिथे लोक आपल्याकडे टक लावून पाहतात, या दुःखाने तो माणसांत मिसळेनासा झाला होता. योसेफ यांनी नाक लहान केले. पुढे वैद्यकीय सभेत हा वृत्तांत सादर करताना त्यांनी नोंदविलेली गोष्ट महत्त्वाची आहे. हा गृहस्थ रूपवान झाला असे त्यांनी म्हटले नाही. त्याची खिन्नता गेली, आणि कोणाच्याही नजरेत न भरता तो आनंदाने हिंडू लागला, एवढेच त्यांनी सांगितले. पुरुषाच्या नाकाच्या शस्त्रक्रियेची याहून चांगली कसोटी अजूनही सापडलेली नाही. ज्या नाकाकडे पाहून लोक ‘काय सुरेख नाक केले’ म्हणतात, ते फसलेले नाक होय. चेहरा पाहताना नाकावर नजर अडकलीच नाही, तर काम साधले.

याचे कारण शरीररचनेत आहे. नाकाचा वरचा तिसरा हिस्सा हाडाचा, उरलेला कूर्चेचा, आणि त्यावर कातडी. शल्यविशारद हाड घासतो, कूर्चा कोरतो, प्रसंगी हाड फोडून आत सरकवतो. कातडी मात्र तशीच राहते व नव्या सांगाड्यावर आपोआप बसावी लागते. पुरुषांची कातडी सामान्यतः जाड असते, आणि आपल्याकडे तर नाकाच्या शेंड्याशी ती अधिकच जाड व तेलकट असते. पातळ चादर खाटेच्या कडांवर बसते, जाड घोंगडी बसत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून चित्रपटातील एखाद्या नटाचे कोरीव टोकदार नाक दाखवून ‘असेच करा’ म्हणणाऱ्याला प्रामाणिक शल्यविशारद नकार देईल, आणि तो नकार देतो म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावा. शिवाय पुरुषाच्या नाकाचे प्रमाण वेगळे असते. बाजूने पाहता त्याचा कणा सरळ असावा लागतो. शेंड्याच्या वर किंचित खोलगट आणि टोकाला उचललेले नाक स्त्रीच्या चेहऱ्यावर शोभले तरी पुरुषाच्या चेहऱ्यावर ते परके दिसते. नाक आणि वरचा ओठ यांमधील कोन पुरुषात काटकोनाच्या आसपास असतो, स्त्रियांत तो अधिक मोकळा असतो. हा कोन थोडा जास्त उघडला, किंवा कणा थोडा जास्त घासला गेला, की चेहऱ्यातला पुरुषीपणा उणा झाल्यासारखा वाटतो, आणि कापून टाकलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही. नाकाचा किंचित उंचवटा राहू देणे हे पुष्कळदा शल्यविशारदाच्या कौशल्याचेच लक्षण असते.

पण रूपाहून मोठा प्रश्न श्वासाचा आहे. नाक हे आधी श्वासाचे दार आहे, शोभेची वस्तू नंतर. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असेल तर एका बाजूने श्वास कोंडतो. लोक त्याला ‘नाकाचे हाड वाढले’ म्हणतात, वास्तविक हाड बहुधा वाढलेले नसते, पडदा कललेला असतो. नाकाचा आकार बदलताना हा पडदा तपासून घेतला नाही, किंवा नाक निमुळते दिसावे म्हणून आधाराची कूर्चा अतोनात काढली, तर जोराने श्वास घेताना नाकाच्या बाजू आत ओढल्या जाऊन मार्ग बंद होतो. रूप मिळाले आणि रात्रीची झोप गेली, असा हा सौदा ठरतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावयाचा प्रश्न ‘कसे दिसेल’ हा नसून ‘श्वासाचे काय होईल’ हा असावा. ज्याला याचे उत्तर देण्याची उत्सुकता नाही, त्याच्या टेबलावर झोपू नये.

पुरुषांच्या बाबतीत मार लागल्याने वाकडे झालेले नाक हे एक मोठे कारण असते. कुस्तीचा आखाडा, क्रिकेटचा चेंडू, दुचाकीचा अपघात, काहीही निमित्त पुरते. अशा वेळी ‘सूज उतरली की बघू’ म्हणून महिनेन् महिने काढणे ही चूक आहे. ताजे मोडलेले नाक पहिल्या एक-दोन आठवड्यांत बसविता येते. त्यानंतर हाड वाकडेच सांधते आणि मग मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. मार लागल्यावर नाक दोन्ही बाजूंनी चोंदले व आत पडद्याशी मऊ फुगवटा दिसला, तर तेथे रक्त साठलेले असू शकते. ते त्वरित काढले नाही तर पडद्याची कूर्चा मरते आणि नाक मध्येच खोगिरासारखे बसते. अशा माणसाने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

ज्याच्या नाकाला मार लागलेला नाही, त्याने शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी आरसा आणि मोबाइल यांत भेद करावा. हातभर अंतरावरून स्वतःच काढलेले छायाचित्र खोटे बोलते. जवळच्या भिंगाला पुढे आलेली वस्तू मोठी दिसते, आणि चेहऱ्यावर पुढे आलेली वस्तू नाकच. अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१८ साली गणिती आराखड्यावरून दाखवून दिले की, बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात पुरुषाच्या नाकाचा तळ पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्रापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद भासतो. एवढ्या फरकासाठी कोणी सुरीखाली जावे, याला काय म्हणावे! याहून गंभीर गोष्ट म्हणजे, काही माणसांचा छळ नाक करीत नसून मन करीत असते. इतरांना न दिसणारा किंवा क्षुल्लक दोष त्यांना दिवसातून तासन् तास आरशाशी खिळवून ठेवतो. हा एक मनोविकार आहे, आणि त्यावर मनोविकारतज्ज्ञाचे उपचार आहेत. नाक बदलल्याने तो जात नाही. तक्रार नव्या नाकावर जाऊन बसते. नाक सुधारले की लग्न जमेल, बढती मिळेल, दुरावलेले माणूस परत येईल, अशा हिशेबाने येणाऱ्यालाही शल्यविशारद परत पाठवितात. ‘हा उंचवटा मला नको आहे’ असे एका वाक्यात, बोट ठेवून सांगू शकणारा मनुष्य मात्र बहुधा समाधानी होऊन परततो. मुलग्यांचे नाक मुलींपेक्षा उशिरापर्यंत वाढत राहते, म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या आधी केवळ रूपासाठी हात लावणे इष्ट नव्हे.

शल्यविशारदाची निवड करताना पदवी पाहावी. भारतात प्लॅस्टिक सर्जरीचे एम. सीएच. हे उच्च शिक्षण असते, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांपैकी काहींनी नाकाच्या या शस्त्रक्रियेचा विशेष अभ्यास केलेला असतो. त्यांनी पुरुषांच्या नाकांवर केलेले काम, तेही वर्षानंतरचे, दाखविण्यास सांगावे. शस्त्रक्रिया न करता इंजेक्शनने नाक नीट करून देण्याच्या जाहिराती अलीकडे दिसतात. नाकाच्या भागातील रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध असतो. इंजेक्शनचा पदार्थ चुकून त्यांत शिरला तर दृष्टी जाऊ शकते. असे क्वचित घडते, पण गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, हे समजून मगच पुढे जावे. खर्चाच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे की, केवळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. अपघातानंतरची किंवा श्वासासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेली असेल तर पॉलिसी वाचून आधीच लेखी विचारावे.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते. तिच्या आधी निदान चार आठवडे तंबाखू बंद हवी, आणि येथे पुरुष पळवाट शोधतात. विडी सोडली पण तंबाखू-चुना चालू ठेवला, तर निकोटीन रक्तवाहिन्या आकसतेच व जखम भरण्यास विलंब होतो. तपकिरीबद्दल तर बोलावयासच नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते सांगावे. हृदयरोग्याने मात्र त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

नंतरचे दिवस सोसण्याचे असतात. नाकावर सुमारे आठवडाभर साचा, डोळ्यांभोवती दहा ते चौदा दिवस काळेनिळे डाग, आणि नाक चोंदलेले. दोन आठवडे नाक शिंकरावयाचे नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यावयाची. चष्म्याचा भार चार ते सहा आठवडे नाकावर टाकता येत नाही, तोंड झाकणारे हेल्मेट डोक्यातून घालणे जपून करावे लागते, आणि कुस्ती, कबड्डी, क्रिकेट यांना निदान दीड-दोन महिने रजा द्यावी लागते. मिशी बाळगणाऱ्यांना ती आखूड करावी किंवा प्रसंगी उतरवावी लागते. कित्येकांना नाक बदलल्यापेक्षा मिशी गेल्याचेच जास्त दुःख होते! वरचा ओठ काही आठवडे ताठर राहिल्याने हसणेही ओळखीचे वाटत नाही, आणि शेंडा महिनोन् महिने बधिर असू शकतो.

साचा निघाल्या दिवशी जे दिसते ते शेवटचे नाक नव्हे, हे घरातल्या एका तरी माणसाला आधी सांगून ठेवावे. कारण त्या दिवशी सुजलेले नाक पाहून पुरुष हमखास खचतो, आणि समजूत घालणारे कोणी नसते. सूज हळूहळू उतरते, जाड कातडीत ती शेंड्याशी वर्ष-दीड वर्षही रेंगाळते. शंभरांतील साधारण पाच ते पंधरा जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि दुसऱ्या वेळचे काम पहिल्याहून अवघड असते. पडद्यातील कूर्चा संपली असेल तर कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. त्या दुसऱ्या वेळेचा निर्णय कोणताही जाणता शल्यविशारद वर्ष पुरे होण्याआधी सहसा घेत नाही.