धुराचा धागा आणि विजेचा हिशेब



धुरातून कापड निघेल, असे कोणी म्हणाले तर हसू नका. 1980 नंतरच्या दशकात जपानमध्ये योशिओ होरी यांनी दाखवून दिले, की पाण्यात कर्बवायू सोडून तांब्याच्या पट्टीतून वीज खेळवली, की त्यापासून इथिलीन तयार होते. तांबे मालात जात नाही, फक्त काम घडवून आणते. म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणतात. याच इथिलीनपासून पुढे ठिबकच्या नळ्या होतात आणि पॉलिएस्टरचा धागाही होतो. म्हणजे आपल्या कापसाचा भाऊबंद!

अडचण आहे ती वायू विरळ असण्याची. कोळशाच्या वीज केंद्राच्या धुरात कर्बवायू शंभरात 12 ते 15 भाग, उघड्या हवेत तर दहा हजारांत जेमतेम 4. धुरात उरलेला ऑक्सिजन आधी वीज खातो. पिकाचे खत तणाने खावे, तसे. वायू गाळून दाट करावा, तर त्यालाही ऊर्जा लागते.

आपली ज्वारी हेच काम उन्हावर करते. पानातल्या बाहेरच्या पेशी विरळ वायू पकडतात, आतल्या पेशींत नेऊन दाट करतात आणि तिथे साखर बनते. वीज बिल नाही.

आता कारखान्याचा हिशेब मांडू. एक किलो इथिलीनमध्ये सुमारे 3 किलो कर्बवायू जिरतो. त्याला वीज लागते किमान 13 युनिट. प्रत्यक्षात दुपटीहून जास्त. कोळशाचे एक युनिट साधारण एक किलो कर्बवायू हवेत सोडते. म्हणजे 3 किलो पकडायला 13 किलोंहून जास्त सोडायचा! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. ही वीज उन्हाची किंवा वाऱ्याची असेल, तरच गणित जुळते.

आम्ही तंत्रज्ञानाच्या आड येणारे नाही. नवे तंत्र आम्हालाही हवे. पण उद्या 'धूर पकडला' म्हणून सरकारी तिजोरीतून अनुदान घेऊन पॉलिएस्टर स्वस्त झाले, तर मार कापसाच्या भावाला बसेल, आणि तोही आपल्याच पैशाने. म्हणून आमची मागणी एवढीच: अनुदानाचा पहिला रुपया देण्याआधी वीज कुठली, किती आणि कोणत्या दराची, हा हिशेब लोकांपुढे ठेवा. आपण भीक मागत नाही, हिशेब मागतो.