हाताने वाचता येणारी लेणी



लेणी पाहायला आपण सारेच जातो. त्या सहलीत एखादा अंध विद्यार्थी असला तर तो काय घेऊन परततो? सोबत्याने जे सांगितले तेवढेच. सोबत्याने दोन वाक्यांत उरकले, तर दोनच वाक्ये. इतर मुले फलकासमोर उभी राहून आपले आपण वाचतात. याला मात्र दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहावे लागते. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक दृष्टिबाधित व्यक्तींची नोंद झाली. म्हणून अजिंठ्यासारख्या ठिकाणी हाताने वाचण्याचा फलक कसा असावा, याचा आपण आज विचार करू.

लुई ब्रेल (१८०९–१८५२) या अंध फ्रेंच शिक्षकाने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. भारतीय भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. तिचे नियम देवनागरीहून थोडे वेगळे आहेत. 'विहार' हा शब्द घ्या. छापताना ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या आधी येते. ब्रेलमध्ये उच्चाराप्रमाणे व, इ, ह, आ, र अशी पाच चिन्हे ओळीने येतात. त्यामुळे छापील मजकुराचे नुसते ठिपके करून भागत नाही. जाणकाराने तपासले नाही तर फलक उलटा बसला तरी डोळस माणसाच्या ध्यानात येणार नाही!

आता मापे पाहू. एका चिन्हातील शेजारच्या दोन ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर असते आणि ठिपक्याची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. चिन्ह बोटाच्या टोकाखाली एकदम मावले पाहिजे, हे त्यामागचे कारण. ठिपके मोठे केले की वाचायला सोपे जाईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते वाचताच येत नाही. उठावाच्या छापील अक्षरांचे मात्र उलटे आहे. ती मोठी, साधी आणि सुटी हवीत. ही अक्षरेही हवीतच; कारण दृष्टी उतारवयात गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. ज्यांना अंधुक दिसते त्यांच्यासाठी गडद पाटीवर फिकट अक्षरे असावीत, आणि पाटीला चकाकी नसावी.

फलक उत्तम झाला, पण तो सापडलाच नाही तर? जपानमध्ये सेइइची मियाके यांनी पायाला जाणवणाऱ्या उठावाच्या फरश्या तयार केल्या. १९६७ साली ओकायामा शहरात त्या प्रथम बसल्या. उभ्या पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल उंचवटे म्हणजे थांबा. अशी वाट फलकापर्यंत आणावी. फलक काचेआड किंवा डोक्याच्या वर नसावा. मोठा मजकूर असेल तर तो कमरेच्या किंचित वर, तिरप्या पाटीवर असावा. म्हणजे मनगट अवघडत नाही. आणि तो सावलीत असावा. उन्हात तापलेल्या धातूवर बोट कोण ठेवील?

अजिंठ्याची चित्रे आणि शिल्पे यांना हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. संरक्षित कातळात खिळाही ठोकता येत नाही. म्हणून फलक बाहेर, स्वतंत्र खांबावर, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने उभा करावा लागेल. पण नुसत्या मजकुराने लेणे कळत नाही. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारख्या कड्यात ही सुमारे तीस लेणी आहेत; हा आकार उठावाच्या नकाशावर बोट फिरवताच कळतो. चैत्यगृहाचे छोटे प्रतिरूप ठेवले तर खांबांच्या दोन रांगा, टोकाचा स्तूप आणि कमानदार छत हातांना समजते. २६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे. तिला स्पर्श करू दिला असता, तरी दोन हातांत ती मावली नसती. वीतभर प्रतिकृतीत मात्र उजव्या कुशीवरची ती शांत मुद्रा एका स्पर्शात उमगते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली अशा प्रतिकृतींचे 'अनुभव' दालन सुरू झाले.

मित्रहो, यात कोणी कोणावर उपकार करीत नाही. १९९५ चा कायदा झाला, त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने घेतली. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता आली पाहिजे, हे आता कायदाच सांगतो. कायदा कागदावर राहू नये, हे पाहणे आपल्या हाती आहे. पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांनी पाहावे: फलक आहे का, हात पोचतो का, ठिपके झिजले आहेत का. नसेल तर लेखी अर्ज करावा. आणि कोठे असा फलक तयार होत असेल, तर ब्रेल वाचणाऱ्या दोन-तीन जणांना कच्चा नमुना आधी वाचायला द्यावा, असा आग्रह धरावा. त्यांची बोटे जेथे अडखळतील, तेथे फलक बदलावा.

दुसऱ्याने वाचून दाखवणे आणि स्वतः वाचणे यांतला फरक आपल्या समाजाला वेगळा सांगायला नको. ज्यांना तो आनंद अजून मिळालेला नाही, त्यांच्यासाठी आपण एवढे करूया.