रस्त्याकडेला कोणते झाड?

मॉरिशसच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

पूर्वजांच्या आगमनाची आठवण म्हणून मोठ्या रस्त्याच्या कडेने झाडे लावायचे तुम्ही ठरवले आहे. झाड निवडण्याबद्दल मी कुवेतहून चार गोष्टी सांगायला आले आहे.

मी मिरकाबला राहते. जुन्या कुवेत शहराचा हा भाग. शहराभोवतीची भिंत १९५७ साली पाडली आणि तिच्या जागी झाडांचा हिरवा पट्टा केला. पाऊस वर्षाला जेमतेम ११०-१२० मिलिमीटर, उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो. अशा ठिकाणी झटपट वाढणारे झाड कोणाला नको? म्हणून कुवेतभर कोनोकार्पस लावला. थोड्याच वर्षांत हिरवी भिंत उभी राहिली, पण मुळे पाणी शोधत नळांत आणि गटारांत शिरली. गुजरातने तर २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. याउलट तिथलेच सिद्र, म्हणजे आपल्या बोरीची बहीण. हळू वाढते, पण ऊन सोसते, थोड्या पाण्यावर जगते. त्याची फळे, ज्यांना कुवेती लोक कनार म्हणतात, मुले आवडीने खातात.

तेव्हा झाडाआधी जागा बघा. वर तारा आहेत का? खाली नळ आहेत का? कडेने कोण चालते? तुमच्या बेटावर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, तो वादळाचा. १९६० चे कॅरोल वडीलधारे विसरलेले नाहीत. गुलमोहर देखणा खरा, पण लाकूड ठिसूळ. तो मैदानात शोभतो. चिंच वाऱ्याला सहसा दाद देत नाही. ती रस्त्यापासून जरा आत, तारांपासून लांब लावावी. तारांखाली लहान झाडेच बरी.

आणि एकाच जातीची रांग नको. मुंबईत पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण पडला, तेव्हा कितीतरी मोठी झाडे उभ्याउभ्या वाळली.

पहिली तीन वर्षे पाणी कोण घालणार, हेही आजच ठरवा. एकेक झाड एकेका शाळेच्या वर्गाकडे द्या. मुले काम मनापासून करतात.

तुमचे पूर्वज आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या चढून या बेटावर आले आणि इथल्या उन्हात राबले. त्यांच्या नावाने लावलेल्या झाडाखाली बसची वाट बघणाऱ्या आजीला सावली मिळाली पाहिजे. फोटोपुरते झाड लावू नका, पणतवंडांना पुरेल असे लावा.